राजूर घाट उतरण्याआधी ब्रेकमध्ये टॉर्च मारून बघा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" किती वेळा म्हणतो ते लिहायला बसल्यावर कळलं. ते गाळलंय, बाकी मजकूर तोच.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला एक श्रोता, चिखलीकडचा. तो म्हणतो, "दादा, सेकंडहँड एमटीबी घेतलीय, एकवीस गिअरची, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरला जाणार आहोत. त्याआधी मागचा डिरेलर बदलून घेऊ का? बजेट दोन हजार."

भावा, डिरेलर राहू दे. उतारावर गिअर बिघडला तर फार तर पायडल नीट मारता येणार नाही, आणि उतारावर पायडल मारतंय कोण? तुझे दोन हजार कुठे जायला हवेत ते सांगतो, पण त्याआधी माझी फजिती ऐक.

मागच्या वर्षी सप्टेंबरात मी घरूनच काम करत होतो. एका शनिवारी सकाळी घाट उतरायला निघालो. रस्ता ओला, ढग खाली आलेले, आणि मी खूश, कारण आदल्याच आठवड्यात नवीन हेडलाइट बसवला होता. दोन-तीन वळणं गेली. पुढच्या वळणावर खालून ट्रक येताना दिसला. दोन्ही लिव्हर दाबले. लिव्हर एकदम कडक, जसे हवेत तसे. पण सायकल थांबेना. थोडा वेग कमी झाला, बस. मी डोंगराच्या बाजूला, नालीतल्या खडीत सायकल घातली. कोपर सोललं, गुडघा सुजला, मोबाइलची काच गेली. ट्रकवाल्याने दाबून धरलेला हॉर्न अजून कानात आहे. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे मला घरी येऊन जेवताना आठवलं आणि मग जेवण काही गेलं नाही.

बुलढाण्यात परत आल्यावर मेकॅनिकने चाक काढलं, आत बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, पॅड कुठी हाय याच्यात? हे तं लोखंडच घासून रायलं."

०२:४०

आता मुद्दा असा की मी ब्रेककडे दुर्लक्ष केलं नव्हतं. मला वाटत होतं की मी त्याची काळजीच घेतोय. दर दोन-तीन आठवड्यांनी लिव्हर सैल लागायचा, की मी लिव्हरजवळचा तो गोल स्क्रू फिरवायचो, जिथून केबल बाहेर येते. त्याला बॅरल ॲडजस्टर म्हणतात. फिरवला की लिव्हर परत टाइट. आपण समाधानी.

यात काय चुकलं ते समजायला ब्रेक आतून कसा चालतो ते बघू. आपल्याकडे दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक एमटीबीला मेकॅनिकल डिस्क ब्रेक असतो. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते. केबल कॅलिपरवरचा एक छोटा दांडा ओढते. दांडा फिरला की आतला एक पॅड डिस्कवर दाबला जातो. स्वस्त कॅलिपरमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. तो डिस्कला किंचित वाकवून पलीकडच्या, जागेवर बसलेल्या पॅडवर टेकवतो. दोन पॅडच्या चिमटीत डिस्क सापडते आणि चाक थांबतं.

पॅड झिजला की तो डिस्कपासून लांब जातो. मग दांड्याला जास्त फिरावं लागतं, म्हणून लिव्हर जास्त आत येतो. आपण बॅरल फिरवतो, तेव्हा पॅड जवळ येतो खरा, पण कसा? दांडा आधीच थोडा फिरवून ठेवल्यामुळे. म्हणजे दांड्याच्या एकूण फिरण्यातला काही भाग आपण ब्रेक न दाबताच खर्च करून टाकतो. असं महिनोन्‌महिने केलं की एक दिवस दांडा त्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन आदळतो. त्यापुढे तो फिरूच शकत नाही. लिव्हर दगडासारखा कडक लागतो, कारण लोखंड लोखंडाला अडलंय. डिस्कवर मात्र जोर येत नाही.

माझ्या हाताला तो कडकपणा "ब्रेक चांगला आहे" असं सांगत होता. आमच्या धंद्यात बोलायचं तर सर्व्हर अलर्ट पाठवत होता आणि मी अलर्टच म्यूट करत बसलो होतो.

महागड्या सायकलींच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये केबलऐवजी तेल असतं. पॅड झिजेल तसा आतला पिस्टन आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे बॅरलचा हा घोळ तिथे नाही. पण पॅड तिथेही झिजतातच, आणि लिव्हर तर शेवटपर्यंत छान लागतो. म्हणून ज्यांचे हायड्रॉलिक आहेत त्यांनीही पुढचं ऐका.

०५:१०

तपासायचं कसं? फोन काढा. टॉर्च लावा आणि कॅलिपरच्या फटीतून, डिस्कच्या रेषेत आत बघा. पलीकडून पांढरा कागद धरला तर अजून स्पष्ट दिसतं. डोळ्याला नाही दिसलं तर फोटो काढा आणि झूम करा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना आधी एक काळपट थर दिसेल, तो पॅडचा कामाचा मसाला. त्याच्या मागे लोखंडी पत्रा. मसाला एटीएम कार्डाच्या जाडीइतका उरला असेल तर पॅड बदला. कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. शिमानो आपल्या पॅडसाठी ०.५ मिलिमीटरची हद्द सांगते, पण घाटाच्या वाटेवर आपण तिथपर्यंत कशाला थांबायचं?

पॅडचे आकार खूप वेगवेगळे असतात. दुकानात जाऊन "डिस्कचे पॅड द्या" म्हणू नका, जुना पॅड काढून सोबत न्या. तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही तर त्याचाच फोटो बघून ऑनलाइन मागवता येतो. मला जोडी दोनशेच्या आत मिळाली. हेडलाइट नऊशेचा होता.

नवे पॅड घातल्यावर बॅरल पूर्ण आत फिरवून घ्या. मग कॅलिपरच्या आतल्या बाजूचा, म्हणजे चाकाच्या बाजूचा स्क्रू ॲलन कीने फिरवून न हलणारा पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणा, घासू न देता. मग केबलचा नट सोडून केबल ताणून परत आवळा. बॅरल शेवटच्या बारीक फरकासाठी आहे. आणि नवे पॅड लगेच घाटात नेऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडा वेग घ्या, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, सोडा, परत वेग घ्या. असं वीसेक वेळा. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते.

अजून एक. डिस्कला बोट लावू नका. बोटांचं तेल लागतं आणि ब्रेक किंचाळायला लागतो. आणि घाट उतरून आल्यावर तर अजिबातच नको, भाजेल.

०७:००

भाजेल म्हणजे किती? गणित करू, बीटेक केलंय तर वापरू कुठे तरी. तू आणि सायकल मिळून ९० किलो. समजा ३०० मीटर उंची उतरलास. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, साधारण २ लाख ६५ हजार ज्यूल. एवढ्या ऊर्जेत २५ अंशांचं पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते. उरलेली सगळी त्या दोन पातळ डिस्क आणि नखाएवढ्या पॅडमध्ये उष्णता बनून शिरते.

ही अडचण माउंटन बाइकच्या जन्मापासूनची आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने डोंगर उतरायची. त्या सायकलींना पायडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक होता, मागच्या चाकाच्या हबमध्ये. एका उताराच्या शेवटी तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. मग हब उघडून परत ग्रीस भरायचं, इंग्रजीत त्याला रीपॅक म्हणतात. त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं, आणि १९७६ साली तिथे शर्यत सुरू झाली. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ साली खास डोंगरासाठीची फ्रेम बनवली. आज तुमच्या-माझ्या सायकलीला जी "एमटीबी" म्हणतात ती त्या घराण्यातली.

तर उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा, डिस्कला वारा लागू द्या. आणि पुढच्या ब्रेकची भीती सोडा. लहानपणी आपल्या सगळ्यांना सांगितलेलं असतं, "पुढचा दाबू नको, पालथा पडशील." एकदम, हात ताठ ठेवून, वजन पुढे असताना दाबला तर पडालही. पण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरी पकड तिथेच असते. मागचं चाक हलकं होऊन घसरतं. बूड सीटवर मागे सरकवा, कोपरं थोडी वाकवा आणि पुढचा हळूहळू वाढवत दाबा. मुरमाच्या रस्त्यावर, वळत असताना मात्र पुढचा जोरात नाही. तिथे चाक निसटलं की सावरायला वेळच मिळत नाही.

०९:२०

आता चेन, थोडक्यात. कारण चेनमुळे मरत नाही कोणी, पण पैसे जातात. आपल्या काळ्या मातीत एक चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते. म्हणूनच पावसाळ्यात पांदणीवर चाक दहा-वीस फेऱ्यांत जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टात पांदण सोडा, मुरमाचा किंवा डांबरी रस्ता धरा. तीच माती तेलात मिसळून चेनमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. गावाकडे चेनला गाडीचं जळकं ऑइल लावतात, ते तर नकोच, धूळ आणखी धरतं. डब्ल्यूडी-४० पण वंगण म्हणून पुरत नाही. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, त्याचं मूळ काम ते. पाऊस लागल्यावर मारा, पुसा, मग चेनचं तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब सोडा, पायडल फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल कापडाने पुसून काढा. तेल आत हवं. स्प्रे मारत असाल तर मागच्या डिस्कवर कापड टाका, नाहीतर ब्रेक गेला.

चेन झिजली का ते कंपासपेटीतल्या मोजपट्टीने कळतं. एका पिनच्या मधोमध शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनचा मधोमध येतो. तो १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेला असेल तर नवी चेन बघा. एक अष्टमांश गेला असेल तर बहुतेक मागचं फ्रीव्हीलही बदलावं लागेल, कारण नवी चेन झिजलेल्या दात्यांवरून उड्या मारते.

सायकल गाड्या धुण्याच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. तो प्रेशरचा फवारा हबमधल्या छर्‍यांचं ग्रीस धुऊन काढतो. बादली आणि जुना बनियन पुरे.

१०:५०

आणि हवा. एमटीबीचा वॉल बहुधा मोटारसायकलसारखाच असतो, त्यामुळे मोताळ्यात, मलकापुरात पेट्रोल पंपावर हवा मिळते. फक्त तिथला कॉम्प्रेसर सायकलीच्या ट्यूबला क्षणात फोडू शकतो. थोडी थोडी सोडायला सांगा. टायरच्या बाजूला किती पीएसआय ते छापलेलं असतं, त्याच्या आत राहा.

जास्तीची ट्यूब घेताना "छब्बीसची द्या" एवढंच म्हटलं तर साध्या सायकलीची हाती येऊ शकते. टायरवरचा पूर्ण आकडा वाचून दाखवा, २६ गुणिले १.९५ असा. आणि आपल्याकडे बाभळीचा काटा आणि सराटे आहेतच. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काटा तिथेच बसलेला असतो आणि नव्या ट्यूबची वाट बघत असतो. मी एकदा बोथ्याच्या जंगलाजवळ एका काट्याने दोन ट्यूब घालवल्यात. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ हजार किलोमीटरहून जास्त चालत त्याच ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. पंक्चर काढताना ही बातमी आठवली की हात भराभर चालतात.

तर चिखलीच्या मित्रा, तुझे दोन हजार असे. पुढचे-मागचे पॅड, दोन्ही ब्रेकच्या नव्या केबल, एक ट्यूब, पंक्चरचं सामान, छोटा पंप. उरले तर हेल्मेटमध्ये घाल, आणि कमी पडले तर ट्रिप पुढे ढकलून हेल्मेट आधी घे. तुम्ही तिघं आहात, तर तिघांच्याही कॅलिपरचे फोटो काढून मला पाठवा. सेकंडहँड सायकलीचा बॅरल किती बाहेर आलाय तेही फोटोत येऊ दे. बराच बाहेर असेल तर आधीचा मालकही माझ्यासारखाच होता.

पुढच्या वेळी पायडल मारताना खालून येणारा कटकट आवाज. तुमच्या सायकलीचा येत असेल तर रेकॉर्ड करून पाठवा, एपिसोडमध्ये लावतो.