क्षेत्रकामाची वही – लेखांक ९ : मुलाखत एक, वाचणारे चौघे

मुलाखती झाल्या, रेकॉर्डिंग ऐकून अक्षरन् अक्षर उतरवून झालं, इथवर मागच्या आठवड्यात आलो होतो. आता चौघांचा गट तोच उतारा पुढ्यात घेऊन समासात खुणा करू लागतो. कुठल्या बोलण्याला कोणतं नाव द्यायचं, याला संशोधक कोडिंग म्हणतात. पहिली फेरी प्रत्येकाने एकट्याने करायची, शेजारच्याच्या कागदात न डोकावता. नाहीतर गटातल्या सरांचंच मत चार हस्ताक्षरांत उतरतं.

उदाहरणाला कर्जत-खालापूरकडची एखादी कातकरीवाडी घेऊ. इथल्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. शेतीला, कोळशाच्या भट्टीला माणसं हाताशी हवीत म्हणून जमीनमालकांनीच कधीकाळी त्यांना वसू दिलं. पुढे मुंबई-पुण्याच्या मधली ही जमीन महाग झाली, फार्महाऊस उठली आणि घरांना खेटून तारेचं कुंपण येऊ लागलं. समजा, उताऱ्यात एक बाई सांगते, ‘शेठनी खांब पुरले. आमी काय बोलनार? बगत बसलो.’

एकजण समासात लिहितो, ‘भीती’. दुसरी लिहिते, ‘हक्कांची माहिती नाही’. तिसऱ्याला त्यात दैववाद दिसतो. चौथा दुसऱ्या एका वाडीतला कातकरी पोरगा. तो विचारतो, ‘दिवस कुठले होते?’ उताऱ्यात चार ओळी वर गणपतीचा उल्लेख सापडतो. मग तो सांगतो, पावसाळ्याच्या शेवटाला घरात दाणा नसतो, दिवाळीनंतरच्या वीटभट्टीची उचल तेव्हाच घ्यायची असते आणि उचल मिळते ती शेठच्या ओळखीनं. खांबावरून भांडलं तर उचल गेली. बाईला सगळं कळत होतं, ती हिशेब करून गप्प बसली.

समासातल्या दोन शब्दांनी काय बिघडतं, असं वाटेल. ‘माहिती नाही’ हे नाव टिकलं असतं तर अहवालाच्या शेवटी जनजागृती शिबिराची शिफारस आली असती. (ती नेहमीच येते.) उचलीचा प्रश्न तसाच राहिला असता.

दोन वाचकांच्या खुणा किती जुळतात हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ‘कप्पा’ नावाचं माप दिलं. सातबाऱ्यावर नाव आहे की नाही, अशा नोंदींना ते ठीक. पण शहरातून आलेल्या तिघांनी मिळून ‘भीती’ लिहिलं असतं तर कप्पा उत्तम आला असता आणि उचल हुकलीच असती. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची पद्धत २००६ पासून फार वापरली जाते. त्या तर असं जुळणं मोजायच्या विरोधातच आहेत. माझं मत त्यांच्या बाजूचं. मतभेद मतदानाने मिटवू नये. कोणी काय म्हटलं आणि नाव का बदललं हे तारखेसह वहीत ठेवावं.

कर्जतजवळ कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ही संस्था आहे. तिथले राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेलं ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे पुस्तक २०१३ मध्ये आलं. त्यात कातकरी फक्त उत्तरं देणारे नाहीत. बेदखलीच्या प्रश्नाची उकल करायला तेही बसले. गावठाण मिळवण्याची खटपट त्याच कामातली.

वाडीतला माणूस गटात घेतला की दुसरी अडचण उभी राहते. नाव बदललं तरी ‘तीन मुलींची, नवरा भट्टीवर वारलेली’ एवढ्यावर तो बाईला ओळखतो. कर्जतच्या पोराला खालापूरच्या मुलाखती द्याव्यात, तर सोयरीक तालुक्याची हद्द पाळत नाही. म्हणून नाव, वाडी, भट्टीचं गाव आधीच काढायचं. तरीही माणूस ओळखू येत असेल तर तो उतारा त्याच्या गठ्ठ्यात घालायचा नाही, मग अर्थ थोडा निसटला तरी चालेल.