वैनींचा डोझर

मागे एका पावसाळ्यात मी एका बाईंना सल्ला दिला आणि तो साफ चुकला. बचत गटाच्या कामामुळे चार बायकांना शहाणपण शिकवायची मला सवयच लागली आहे, म्हणून हे आधीच कबूल करते.

कामशेतहून आत नाणे मावळात आमचा एक गट आहे. त्यातल्या या वैनी. पुणे-मुंबई एक्स्प्रेस-वे २००२ साली पूर्ण झाला. त्याचं काम चालू होतं तेव्हा त्यांचे मिस्टर तिथे डोझर चालवायचे. पुढे पैसे साठवून त्यांनी स्वतःचाच एक जुना चेनचा डोझर घेतला. बेंगळुरूच्या बीईएमएल कंपनीचा, पिवळा, रंग उडालेला. उताराच्या वरकस जमिनीत बांध घालून भाताची खाचरं पाडून द्यायची, हा धंदा. आपल्याकडचा इंद्रायणी तांदूळ सगळ्यांच्या तोंडी आहे. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून तो आला. पण भात कुठलाही लावा, खाचर सपाट नसेल तर एका कोपऱ्यात रोपं बुडतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात तहानेने पिवळी पडतात.

मिस्टर गेले आणि डोझर वैनींच्या गळ्यात पडला. पगारी ड्रायव्हर ठेवला. पण दर दोन-तीन दिवसांनी चेन उतरायची, आणि ती परत चढवायची म्हणजे अख्खा दिवस आणि चार माणसं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, खालचं सगळं बदला. आकडा ऐकून वैनी खालीच बसल्या. भंगारवालाही येऊन मशिनभोवती फिरून गेला. मी म्हटलं, "वैनी, विकून टाका आणि पैसे पोस्टात ठेवा. बाईमाणसाने हा लोखंडाचा हत्ती कशाला पोसायचा?"

(हो, "बाईमाणसाने" असं मीच म्हटलं. वीस वर्षं समाजकार्य करून!)

त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांची आठवण म्हणून न्हाय ठेवत मी. दिवाळीनंतरची चार गावची कामं बोलून ठेवल्यात. हा गेला तर पोरांच्या फिया कशातून भरू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

श्रावणात त्यांनी तळेगावहून एक म्हातारे मिस्त्री आणले. मी मुद्दाम बघायला गेले. मिस्त्रींनी आधी सगळा चिखल खरवडून काढला, मग मापाची पट्टी मागितली. कुठलाही भाग बदला म्हणायच्या आधी मोजायला बसणारा माणूस मला तिथेच आवडला.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डोझरला चाकं नसतात, दोन्ही बाजूंना लोखंडी साखळी असते. मागचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, ती ओढतं. पुढे आयडलर नावाचं गुळगुळीत चाक तिला वळवतं. खाली रोलरांची रांग असते, त्यावर मशिनचा सगळा भार. ही युक्ती चिखलातूनच जन्मली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांची जड यंत्रं भुसभुशीत जमिनीत रुतायची, म्हणून १९०४ साली त्यांनी चाकं काढून अशा पट्ट्यांवर यंत्र चालवून पाहिलं. सुरवंटासारखं सरपटतं म्हणून त्याला कॅटरपिलर नाव पडलं.

आता ही साखळी किती ताणायची? परकराची नाडी आठवा. सैल बांधली तर फजिती, करकचून बांधली तर कंबरेला वळ. ताण ठरवणारा भाग म्हणजे ट्रॅक अ‍ॅडजस्टर. आयडलरच्या मागे एक सिलिंडर असतो. त्यात ग्रीस गनने ग्रीस भरलं की आयडलर पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. त्याच्या जोडीला एक जाडजूड स्प्रिंग असते. मध्ये दगड सापडला तर ती दबते, म्हणून चेन तुटत नाही.

वैनींच्या मशिनमध्ये डाव्या सिलिंडरचं सील गेलं होतं. सकाळी ग्रीस भरलं की दुपारपर्यंत गळून जायचं, चेन सैल व्हायची आणि वळताना उतरायची. ड्रायव्हरने घाबरून उजवी बाजू तारेसारखी ताणून ठेवली होती. त्यात आपला मावळातला चिखल! तो स्प्रॉकेटच्या दातांत बसतो, वाळतो आणि चेन आणखी ताणतो. म्हणून डावी बाजू उतरत होती आणि उजवी झिजत होती. एवढ्याशा सीलचा खेळ, आणि निघाले होते सगळंच बदलायला.

पण झीज खरी होती. मिस्त्रींनी चेन ताणून धरली, चार कड्यांची लांबी मोजली आणि नव्या मापाशी ताडून पाहिली. कड्या ठीक होत्या, पिना आणि बुश एका अंगाने झिजले होते. तर ते काढून अर्धा फेरा फिरवून बसवायचे, म्हणजे न झिजलेलं अंग कामाला येतं. आपल्या आया शर्टाची कॉलर उलटून शिवायच्या, तसंच! मात्र हे एकदाच जमतं, आणि बुश पार झिजून जायच्या आत. हे काम मोठ्या प्रेसवर होतं, म्हणून चेन भोसरीला गेली. दोन रोलर गळत होते, तेवढे नवे घेतले. बाकीच्यांवर वेल्डिंगचा थर चढवून ते लेथवर गोल केले. सिलिंडर आतून घासून नवी सीलं बसवली. स्प्रिंग मात्र मिस्त्रींनी जागेवर उघडायला साफ नकार दिला. ती कित्येक टनांच्या ताकदीने दाबलेली असते, सुटली तर माणूस राहत नाही. ग्रीस सोडायचा व्हॉल्व्हही हळूच, एका फेऱ्याच्या आत उघडायचा, आणि तोंड त्याच्यासमोर कधीच न्यायचं नाही. दाबाखालचं ग्रीस कातडीतून आत घुसतं.

खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला. त्यातला काही गटाने कर्ज म्हणून दिला. बैठकीत कुरकुर झालीच, "शेळ्यांना कर्ज देतो, लोखंडाला कसं द्यायचं?" वैनींनी कामांची वही पुढे ठेवली. कुणाचं शेत, किती तास, किती उचल, सगळं लिहिलेलं. मग कुणी बोललं नाही. मीही नाही.

भातकापणी उरकल्यावर डोझर पहिल्या कामाला गेला. पहिल्याच संध्याकाळी वैनींनी ड्रायव्हरला चिखल धुवायला लावला. मग आयडलर आणि वरच्या रोलरच्या मधे चेनवर सरळ फळी ठेवून खालचा झोळ स्वतः मोजला. मशिनच्या पुस्तकात मिस्त्रींनी त्या मापाला खूण करून दिली होती. ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, अजून थोडी ताणू का? उतरंल."

"न्हाय उतरायची," त्या म्हणाल्या आणि वहीत माप लिहिलं.

ती फळी आता त्यांच्या देवळीत असते, मिस्टरांच्या ग्रीस गनशेजारी. परवा गेले तेव्हा धाकट्याने तिचा बॅट म्हणून उपयोग केला होता आणि त्यावरून घरात मोठा आरडाओरडा चालला होता.