एकाचे दोन दिसतात तेव्हा

हातातला पेपर नीट वाचता येतो, पण समोरून येणारी एसटी शेजारी-शेजारी दोन दिसते. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाला एखाद्या सकाळी असं झालं, की घरात निदान ठरलेलं असतं: चष्म्याचा नंबर वाढला. नंबरचा संबंध आहे का, हे घरीच कळतं. आधी एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. कुठलाही डोळा झाकल्यावर दुसरी एसटी नाहीशी होत असेल, तर डोळ्यांची जोडी जुळेनाशी झाली आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असतील, तर मोतीबिंदू किंवा नंबरचा संशय घ्यावा.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात, त्यांना चालवणाऱ्या नसा तीन. सहाव्या नसेकडे एकच स्नायू, डोळा कानाकडे नेणारा. ती लुळी पडली की डोळा नाकाकडे ओढला जातो आणि लांबचं जास्त दुहेरी दिसतं. चौथी नस बिघडली तर जिना उतरताना पायऱ्या वर-खाली दोन दिसतात. अशा वेळी डॉक्टर चक्क लग्नाचा अल्बम मागतात. जुन्या फोटोंतही मान एका खांद्याकडे कललेली असेल, तर दोष बहुधा जन्मापासूनचा.

'आता तोंडही वाकडं होणार' ही भीती निराधार. तो लकवा सातव्या नसेचा. त्यात पापणी मिटत नाही. तिसरी नस गेली तर उलट, पापणी उघडत नाही.

मधुमेह-रक्तदाबामुळे नसेचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर बहुतेकांची नस 3 ते 6 महिन्यांत सावरते. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्यावर प्रिझम, साखर आटोक्यात, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामाने नस जागी होत नाही. तिरळेपणा उरलाच, तर शस्त्रक्रिया मोजमाप स्थिरावल्यावर.

'आपोआप जातं म्हणे', हा मात्र जिवावर बेतणारा समज. दुखण्यावरून काही ठरत नाही. मधुमेहातही भुवईमागे ठणकतं. पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकं असह्य दुखू लागलं, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा नस दाबत असू शकतो. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठावं. लहान मुलाचा डोळा अचानक तिरळा झाला तरी थांबू नये. मेंदूतला दाब वाढल्यानेही सहावी नस लुळी पडते.