सहलीची शेवटची बस

गेल्या दिवाळीत आमच्याकडे हैदराबादेस इंदूरहून पाहुणे आले असता त्यांना रामोजी फिल्म सिटी दाखविण्याचे ठरले. १९९६ साली उघडलेली ही चित्रनगरी शहराबाहेर विजयवाडा रस्त्यावर आहे. एल. बी. नगरपर्यंत मेट्रोने सुखाने गेलो. पुढे मात्र बसची वाट पाहून कंटाळलो व शेवटी मोटार ठरविली. परतताना अंधार पडला होता. मोटारवाल्याने सकाळच्या दुप्पट भाडे मागितले आणि आम्ही ते निमूटपणे दिले. परंतु आमच्या पेढीवरील मुनीम अथवा हमाल सहकुटुंब तेथे गेले असते तर त्यांनी काय करावे, हा विचार मनातून जाईना. गावाबाहेरच्या करमणुकीच्या स्थळापर्यंत सार्वजनिक वाहन कसे न्यावे, याचा उलगडा करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मालमोटार भरून गेली व रिकामी परतली, तर रिकाम्या फेरीचा खर्चही मालावरच पडतो, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. रेल्वेचेही तसेच आहे. सकाळी कचेऱ्यांकडे जाणारी गाडी खच्चून भरते. उलट दिशेची त्या मानाने रिकामी धावते. रविवारी उतारू घटतात, पण रूळ, डबे व नोकरवर्ग यांचा खर्च चालूच राहतो. सहलीस निघणारी कुटुंबे नेमकी सुटीच्या दिवशी व उलट्या दिशेने प्रवास करतात; म्हणजे रिकाम्या फेरीचे भाडे तीच भरून देतात. मात्र केवळ त्यांच्याच जिवावर मार्ग काढला, तर आठवड्यातील कामाच्या दिवशी तो ओस पडेल. तात्पर्य, दोन्ही प्रकारची वर्दळ एकाच रुळावर हवी.

हे गणित जपानमधील इचिझो कोबायाशी यांनी फार पूर्वी सोडविले. पूर्वी बँकेत नोकरी केलेल्या या गृहस्थांच्या कंपनीने मार्च १९१० मध्ये ओसाकातील उमेदा येथून ताकाराझुकापर्यंत विजेची रेल्वे सुरू केली. वाटेत वस्ती विरळ होती. त्यांनी मार्गालगत घरे बांधून पगारदार लोकांना हप्त्याने विकली आणि दुसऱ्या टोकास १९११ मध्ये उष्णोदकाची स्नानगृहे व करमणुकीची जागा उभारली. तेथील बंदिस्त पोहण्याचा तलाव चालला नाही. तेव्हा त्याचेच नाट्यगृह करून १९१४ पासून मुलींचे संगीत प्रयोग सुरू केले. सकाळी नोकरदार शहराकडे आणि सुटीस कुटुंबे नाटकाकडे, अशी गाडी दोन्ही बाजूंनी भरू लागली. ती नाट्यसंस्था आजही चालू आहे.

रूळ नेहमी आधीच पोहोचतात असे नाही. पॅरिसजवळील डिस्ने उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी उघडले, आणि त्याच्या दाराशी उपनगरी रेल्वेचे स्थानक १ एप्रिललाच सुरू झाले होते. टोकियोजवळचे डिस्नेलँड मात्र १९८३ मध्ये उघडले व दाराशी रेल्वे १९८८ मध्ये आली. मधल्या काळात उरायासू स्थानकापासून बसगाड्यांनी ते काम निभावले.

आता आपल्या शहराकडे वळू. मियापूर ते एल. बी. नगर हा सुमारे २९ किलोमीटरचा मेट्रोमार्ग सप्टेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाला. राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्य केलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या योजनेत तेथून हयातनगरपर्यंत सुमारे ७ किलोमीटरचा विस्तार अंतर्भूत आहे. हयातनगरकडून रोज कामधंद्यासाठी शहरात येणारे लोक पुष्कळ. म्हणून तेथवर रूळ नेणे हिशेबात बसते. त्यापुढे चित्रनगरीच्या दारापर्यंत तूर्त बसच योग्य, असे आमचे नम्र मत आहे. मात्र तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत. गाडी येताच बस उभी असावी. दोहोंस मिळून एकच तिकीट असावे. आणि शेवटची बस खेळ संपल्यावर सुटावी, आधी नव्हे.

ही शेवटची फेरी कित्येकदा रिकामी जाईल व हिशेबनीस तीच प्रथम बंद करू पाहतील. तसे करू नये. परत येण्याची खात्री असेल, तरच सामान्य माणूस सकाळी मुलाबाळांस घेऊन घराबाहेर पडतो. शेवटची बस बंद केली, तर सकाळची बसही हळूहळू रिकामी होते. आपल्या पेढीवरील माणसांस वर्षातून एक दिवस तरी निर्धास्तपणे सहल घडावी असे वाटत असेल, तर आपण सर्वांनी ही मागणी एकमुखाने संबंधितांपुढे मांडावी.