नाक्यावरचे पैसे नेमके कशाचे?

‘नाका’ हा शब्द खानदेशातल्या पोराला शिकवावा लागत नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात (पूर्वीचे क्रमांक ३ आणि ६, आज धुळ्याहून इंदूरकडे जाणारा ५२ आणि सुरत-नागपूरचा ५३). शिरपूरच्या पुढे हाडाखेड, पळासनेर गेलं की मध्य प्रदेश. नवापूरच्या पुढे गुजरात. तिथलं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत! रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. म्हणजे आपण सगळे सीमेवरचीच माणसं.

माझे मामा ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत. रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे नेणं हे त्यांचं मुख्य काम. शिवाय दरवर्षी कुणी ना कुणी नातेवाईक त्यांना विचारतो, “आपली गाडी घेऊन पशुपतिनाथाला जायचं, काय काय लागेल?” मामांचं उत्तर ठरलेलं, तेही अहिराणीत : “पैसा दे, पन कसाना शेतस ते पहिले इचारी ले.” पैसे दे, पण कशाचे ते आधी विचारून घे. या लेखात मी तेच करणार आहे. सीमा राज्याची असो की देशाची, तिथं मागितले जाणारे पैसे पाच प्रकारचे असतात. हे पाच वेगळे ओळखता आले की काउंटरवर गोंधळ उडत नाही.

पहिला : टोल

टोलचा सीमेशी काही संबंध नाही. तो रस्ता वापरल्याचा मोबदला. धुळ्याहून पळासनेरला जाताना सोनगीर आणि शिरपूरला टोल लागतो, तो सीमा जवळ आली म्हणून नव्हे, रस्ता चौपदरी झाला म्हणून. राष्ट्रीय महामार्गांचे दर २००८ च्या शुल्क नियमांनुसार ठरतात. २००७-०८ हे वर्ष पायाभूत धरून कारला किलोमीटरमागे ६५ पैसे, दोन आसांच्या ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असे मूळ दर ठरले. त्यात दरवर्षी ३ टक्के आणि घाऊक किंमत निर्देशांकातल्या वाढीच्या ४० टक्के एवढी भर पडते.

आता सिव्हिलवाल्यांसाठी एक गंमत. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या ‘आशो रोड टेस्ट’मधून असं दिसलं की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. भार दुप्पट केला तर झीज सोळा पट! कार आणि ट्रकच्या मूळ टोलमधला फरक मात्र साडेतीन पटही नाही. म्हणजे रस्ता उखडतो मुख्यतः अवजड गाड्यांमुळे, पण कारवालेही त्याचा बराच भार उचलतात. ‘ओव्हरलोड’ गाडीवर दंड का, याचं उत्तरही त्या चौथ्या घातातच आहे.

दुसरा : कर

गाडी ज्या राज्यात नोंदली, त्या राज्याला तिचा मोटार वाहन कर मिळतो. खासगी कारचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो, म्हणून आपण सेंधव्याला किंवा सुरतेला जाताना कुणी कर मागत नाही. (बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. नोकरीनिमित्त फिरणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आली ती यासाठीच.) ट्रकची गोष्ट वेगळी. तो दुसऱ्याच्या राज्यात जाऊन कमाई करतो, म्हणून त्या राज्याला त्यात वाटा हवा असतो. इथून आपण परमिटकडे येतो.

तिसरा : परमिट

परमिट म्हणजे धंदा करायची परवानगी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नॅशनल परमिटची तरतूद आहे. पूर्वी आपलं राज्य धरून किमान चार राज्यं निवडायची आणि बाहेरच्या प्रत्येक राज्याच्या नावानं वेगळा डिमांड ड्राफ्ट काढायचा. मामा सांगतात, ड्राफ्टची फाइल ही गाडीतली सगळ्यात जपायची वस्तू होती. ती हरवली तर केळी सीमेवरच पिकायची! मे २०१० पासून ही पद्धत बदलली. वर्षाला एकच रक्कम भरायची आणि देशभर फिरायचं. सुरुवातीला ती १५,००० रुपये होती, २०१२ मध्ये १६,५०० झाली. जमा झालेले पैसे राज्यांमध्ये वाटले जातात.

पण एक अट अजूनही आहे. महाराष्ट्राचा नॅशनल परमिटचा ट्रक जळगावहून इंदूरला माल नेऊ शकतो, इंदूरहून जळगावला आणू शकतो. मात्र इंदूरचा माल भोपाळला उतरवू शकत नाही. तो धंदा तिथल्या स्थानिक ट्रकचा. ही अट लक्षात ठेवा, कारण देशाच्या सीमेवरची निम्मी भांडणं याच मुद्द्यावरून होतात.

चौथा : जामीन

हा प्रकार राज्याच्या सीमेवर नसतो, फक्त देशाच्या सीमेवर असतो. नेपाळचंच उदाहरण घेऊ. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीय माणसाला नेपाळात व्हिसा लागत नाही. पण करार माणसासाठी आहे, गाडीसाठी नाही! गोरखपूरच्या पुढे सोनौलीला सीमा ओलांडली की भैरहवाच्या कस्टम कचेरीत ‘भन्सार’ भरावा लागतो. भन्सार म्हणजे नेपाळीत कस्टम. किती दिवस राहणार ते आधीच सांगायचं, त्याप्रमाणे रोजच्या हिशोबानं पैसे भरायचे आणि पावती जपून ठेवायची. याशिवाय यातायात कार्यालयाचं परमिट वेगळं. मुदत संपल्यावर गाडी नेपाळात सापडली तर दंड.

रोजच्या हिशोबानं का? कारण नेपाळात परदेशी कारवर आयात शुल्क, अबकारी कर, व्हॅट सगळं मिळून कराची रक्कम गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जाते. एखाद्यानं जळगावची गाडी नेऊन तिथंच ठेवली, तर नेपाळ सरकारचं तेवढं नुकसान. म्हणून ते म्हणतात, गाडी आणा, पण परत नेण्याचं बंधन घ्या. आपल्या लायब्ररीच्या डिपॉझिटसारखंच हे! फरक एवढाच की भन्सार परत मिळत नाही, ते दिवसाचं भाडं समजायचं.

गाडीनं युरोपपर्यंत जाणाऱ्यांना मात्र खरंखुरं डिपॉझिट भरावं लागतं. त्या कागदाला ‘कार्ने’ म्हणतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था तो देते. गाडीची किंमत आणि जायचे देश पाहून ठेव किंवा बँक गॅरंटी ठरते. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : एक देशात शिरताना फाडतात, एक बाहेर पडताना, आणि तिसरा शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला तर गाडी त्या देशातच विकली असं समजून शुल्काची मागणी होऊ शकते. एका शिक्क्यापायी लाखो रुपये अडकतात!

पाचवा : विमा

आपली मोटार पॉलिसी भारतापुरतीच असते. पण विमा कंपन्यांकडे ‘आयएमटी १’ नावाची पुरवणी मिळते. थोडा जादा हप्ता भरला की नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव यांपैकी हवा तो देश पॉलिसीत जोडता येतो. हे पैसे नाक्यावर कुणी मागत नाही, म्हणून बरेच जण विसरतात. हे काम निघण्याआधी गावातच करायचं.

आणि सहावा, ज्याची पावती नाही

पाच प्रकार झाले. पण मामांना विचाराल तर ते म्हणतील, सगळ्यात महाग सहावा : वेळ. केळी हिरवी काढून गाडीत भरतात आणि मुक्कामी पोचल्यावर पिकवतात. वाटेत उन्हात गाडी उभी राहिली की घड गाडीतच पिकू लागतात, आणि काळा पडलेला माल व्यापारी मिळेल त्या भावात मागतो. एका नाक्यावर (नाव मुद्दाम देत नाही) मामांची गाडी एकदा वैशाखात अठरा तास रांगेत होती. फी काही शेकड्यांत, नुकसान काही हजारांत. त्यातलं निम्मं शेतकऱ्याच्या अंगावर गेलं, कारण भाव माल उतरल्यावर ठरणार होता.

देशाच्या आत या सहाव्या खर्चावर बराच इलाज झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांचे विक्रीकर नाके उठले. मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल आलं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गुजरातनं नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि मध्य प्रदेशनं १ जुलै २०२४ पासून परिवहन तपासणी नाके बंद केले. पैसे घेणं थांबलं नाही, फक्त ते रस्त्यावर थांबवून घेणं कमी झालं. इंजिनिअरिंगच्या भाषेत, ‘प्रोसेस’ तीच, ‘बॉटलनेक’ काढला.

देशाच्या सीमेवर मात्र बॉटलनेक कायम आहे. अटारी-वाघा सीमेवर २००७ पर्यंत ट्रक पलीकडे जातच नव्हते, हमाल डोक्यावरून माल रेषेपर्यंत नेत आणि तिथं पलीकडचे हमाल तो घेत. नंतर ट्रक पलीकडे जाऊन माल उतरवू लागले. पण २०१९ मध्ये व्यापार थांबला आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकीच बंद झाली. बांगलादेशाकडे पेट्रापोलहून आपले ट्रक बेनापोलपर्यंत जातात आणि तिथं माल दुसऱ्या गाडीत चढतो. जून २०१५ मध्ये थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा मोटार वाहन करार झाला. पण भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं २०१६ मध्ये तो नाकारला. छोट्या देशाला भीती ती आपल्या इंदूर-भोपाळचीच : बाहेरचे ट्रक आले तर आमचा धंदा कोण करणार? भारत २०१७ मध्ये ‘टीआयआर’ करारातही सामील झाला. त्यात सीलबंद ट्रकच्या शुल्काची हमी आंतरराष्ट्रीय साखळी घेते, त्यामुळे प्रत्येक सीमेवर माल उघडावा लागत नाही. थोडक्यात चौथ्या प्रकारचा जामीन नीट दिला, तर सहाव्याचा खर्च वाचतो.

तेव्हा पशुपतिनाथाला निघालात तर आरसी बुक, लायसन्स, पीयूसी आणि नेपाळ जोडलेली पॉलिसी मूळ प्रतीत ठेवा. भन्सारचे दिवस एखादा जास्तच धरा. दर तिथल्या अर्थसंकल्पाप्रमाणे बदलतात आणि त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यात सुरू होतं, म्हणून गेल्या वर्षी कुणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचा १.६० हा दर १९९३ पासून तोच आहे, हिशोब तोंडी जमेल. आणि प्रत्येक पैशाची पावती मागा. जो पावती देत नाही त्याला मामांचा प्रश्न विचारा.

एवढं लांब जायचं नसेल तरी चालेल. पुढच्या वेळी शिरपूरच्या टोलवर केळीची गाडी मागे दिसली, तर तिला आधी जाऊ द्या.