उकिरड्यातील जंतू आणि औषधाची कुपी



म्हशीची कास सुजली, सड दगडासारखा घट्ट झाला, की आपल्या कोगनोळीकडील शेतकरी पुष्कळदा गुरांच्या डॉक्टरांआधी औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. सुया टोचल्या जातात, सूज उतरते आणि उरलेली कुपी कोनाड्यात ठेवली जाते. त्या कुपीचा परिणाम मात्र गोठ्यातून उकिरड्यावर आणि तेथून उसाच्या सरीपर्यंत पोहोचलेला असतो. त्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

‘अंगाला औषधाची सवय झाली’ असे आपण सहज म्हणतो. पण सवय अंगाला होत नसते, जंतूंना होत असते. औषधाने दुबळे जंतू मरतात. ज्यांच्या ठायी औषधाला तोंड देण्याची शक्ती असते, ते उरतात व त्यांचीच संतती वाढते. ही शक्ती जनुकांत असते, आणि कित्येकदा ती जनुके प्लास्मिड नावाच्या सूक्ष्म कड्यावर बसलेली असतात. शेजारणीने शेजारणीला विरजण द्यावे, तसा एक जंतू हे कडे दुसऱ्याला देतो. मग तो दुसरा परक्या जातीचा का असेना! शेणातील निरुपद्रवी जंतूकडून ते माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूकडे जाऊ शकते.

मौज अशी की, औषधही मातीतूनच आले. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुणाने भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्यापासून क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. औषध निर्माण करणाऱ्या या जीवांपाशी त्यापासून स्वतःचा बचाव करण्याची युक्तीही असतेच. म्हणजे प्रतिकाराची जनुके मातीत पुरातन आहेत. आपण औषधाचा मारा करून त्यांचे पीक वाढवीत आहोत. हेच स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन मिसळून, डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारले गेले. पिकांवरील असा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

कोलिस्टिनची गोष्ट अधिक गंभीर आहे. इतर औषधे हरली की अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर ते हाती घेतात. तेच औषध कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यात घातले जात होते! नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी, कोलिस्टिनला न जुमानणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही प्लास्मिडवर आढळल्याचे जाहीर केले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली. ती उशिरा आली, तरी योग्यच होती.

आता घरातील गोष्ट. कोंबडीखत किंवा ओले शेण तसेच रानात टाकण्यापेक्षा ढीग रचून, ओलावा राखून, वरखाली करीत चांगले तापू द्यावे. त्या उष्णतेने पुष्कळ जंतू मरतात. जनुके मात्र सगळीच नाहीशी होतात असे नाही.

दुधाविषयी तर गृहिणींनाच अधिक ठाऊक असेल. सुई टोचलेल्या म्हशीच्या दुधाला विरजण लावले तर कधीकधी दही लागत नाही. दोष विरजणाचा नसतो. दुधात उतरलेल्या औषधाने दह्याचे जंतू मारलेले असतात. दूध उकळले म्हणजे औषध जाईल, हाही भरवसा नाही. म्हणून कुपीवर लिहिलेले किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये, लेकरांनाही देऊ नये. दोन म्हशींवर चालणाऱ्या घराला ही झळ फार मोठी असते, हे आम्ही जाणतो. ‘वाया कशाला घालवायचे?’ म्हणून ते रेडकाला पाजण्याची रीतही आहे. परंतु औषधाची ती थोडी थोडी मात्रा रेडकाच्या पोटातील प्रतिकारक जंतूंनाच पोसते, आणि त्याचे शेण पुन्हा त्याच उकिरड्यावर पडते.