लष्करातून सुटलेले इस्रायली, पुण्याचे शनिवार तेली

इस्रायलमध्ये अठरा वर्षं पूर्ण झाली की बहुतेक ज्यू मुलामुलींना सक्तीने लष्करात जावं लागतं. तिथून सुटल्यावर पुष्कळ जण भारत फिरायला येतात, काही पुण्यातही उतरतात. इथे त्यांच्याच वयाचे ज्यू भेटतात आणि ते चक्क मराठी बोलतात! हे बेने इस्रायली. कोकणात यांचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. रास्ता पेठेत त्यांचं १९२१ चं प्रार्थनास्थळ आहे.

प्रार्थना दोघांची एकच, पण लष्कराचा विषय निघाला की वाटा वेगळ्या. भारतात सैन्यभरती ऐच्छिक. मात्र १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली तिकडे गेले, त्यामुळे पुण्यातल्या पोराचे चुलत-मामेभाऊ त्याच सक्तीत असतात. उद्या तोही कायमचा तिकडे गेला, तर वय बघून त्यालाही बोलावणं येऊ शकतं.